भाऊबंदकीचा ऐच्छिक विषय

पेन्सिलीने लिहिलेलं मी वाचत नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतला हा माझा नियम आहे आणि तो सुरुवातीलाच सांगून टाकलेला बरा, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. शाईने लिहिलेला असला तर तो कागद. पेन्सिलीने लिहिलेला असला तर तो कुणाच्या तरी मनात आलेला विचार, आणि मनातल्या विचारांना आवक नंबर देता येत नाही. जळगावच्या तालुका कचेरीत मी अव्वल कारकून. माझ्या टेबलावरून पेन्सिलीच्या खुणेसकट पुढे गेलेला कागद पूर्व खानदेशात कुणी दाखवावा, मी टोपी काढून ठेवीन. टेबलाच्या उजव्या खणात मी खोडरबर ठेवतो. त्याची एक बाजू लाल आणि एक निळी आहे. निळी बाजू शाईसाठी असते असं म्हणतात, पण शाईचं खोडणं हा गुन्हा असल्यामुळे ती अजून कोरी आहे.

तर सत्तावन्न सालच्या जुलैअखेर, नागपंचमीच्या दोन दिवस आधी, दुपारच्या टपालाने पितांबरचा लिफाफा आला. पितांबर हा आमचा एकुलता एक मुलगा. पुण्याला कॉलेजात विजेचं इंजिनियरिंग शिकत होता आणि शेवटच्या वर्षाला पोचला होता. लिफाफ्यात एक छापील फॉर्म होता आणि चार ओळींचं पत्र. ‘तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार. सोबत ऐच्छिक विषयाचा फॉर्म पाठवला आहे. पालकांची सही व सरकारी अधिकाऱ्याची साक्ष लागते. पंधरा ऑगस्टच्या आत कॉलेजात पोचावा. विषयाबाबत आपणांस योग्य वाटेल तसे करावे.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला बरं वाटलं. हल्लीची मुलं असं लिहीत नाहीत.

फॉर्मवर सहा विषय एकाखाली एक छापलेले होते आणि प्रत्येकापुढे एक चौकट. पसंतीप्रमाणे चौकटीत एक ते सहा आकडे घालायचे, त्यांतला एक विषय कॉलेज देणार, आणि त्या विषयावर पोराची पुढची सगळी नोकरी ठरणार. विषय इंग्रजीत होते, पण मराठीत सांगायचे तर वीजघर, विजेच्या मोठ्या लाइनी, विजेची मोटार, विजेवरची रेल्वे, बिनतारी म्हणजे रेडिओचं तंत्र, आणि दिवाबत्तीची योजना. एका चौकटीत पेन्सिलीची बारीक खूण होती. कोणत्या चौकटीत, ते मी पाहिलं नाही. नियम तो नियम. लाल बाजूने मी ती साफ केली, फुंकर मारली आणि फॉर्म फायलीत ठेवला.

खरं सांगायचं तर माझा निर्णय त्याच मिनिटाला झाला होता. विजेवरची रेल्वे. इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा आलेल्याच आहेत, आज ना उद्या त्या भुसावळला येणार, पितांबर भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहणार, आणि रविवारी सकाळच्या गाडीने आई-बापाकडे जेवायला येणार. सुनंदाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्या दिवशी वांग्याचं भरीत करायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं. पण मुलाच्या जन्मभराचा निर्णय बापाने एकट्याने घेतला असं उद्या कुणी म्हणू नये. निर्णय माझाच असावा, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यावा, एवढीच माझी इच्छा होती. सरकारात सगळे निर्णय असेच होतात.

म्हणून मी आधी शेजारच्या रतिलालभाईंना विचारलं. त्यांचं बॅटऱ्यांचं, कंदिलांचं आणि सायकलच्या दिव्यांचं दुकान. आळीतला एकुलता एक रेडिओ त्यांच्याकडे. त्यांनी फॉर्म हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, “नानाभाऊ, दिवाबत्ती घ्या. लगनसराईत मांडवाला रोषणाई लागते की नाही? इंजिनियरच्या हातची रोषणाई म्हटल्यावर सावद्याचे बडे केळीवाले सुद्धा येतील बघा.”

माझा पोरगा सोळा वर्षं शिकून मांडवात दिव्यांच्या माळा लावणार, ही कल्पना मला इतकी लागली की मी त्यांच्याकडचा चहा अर्धा ठेवून उठलो.

घरी आलो तर सुनंदाबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. त्या धुळ्याच्या, बोलणं कमी आणि नेमकं. म्हणाल्या, “पोराला विचारा ना एकदा. कार्ड टाकलं की चार दिवसांत उत्तर येईल.”

“त्याने लिहिलंय की, आपणांस योग्य वाटेल तसे करावे.”

“तसं तर मीही रोज म्हणते,” त्या म्हणाल्या आणि धोतर झटकलं.

त्या ज्या तारेवर धोतर घालत होत्या, तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. पितांबर तेरा वर्षांचा असताना त्याने एक दगडाचा तुकडा, एक तारेचं वेटोळं आणि कुठून तरी आणलेलं कानाला लावायचं यंत्र असं जमवून रेडिओ केला होता. त्यासाठी गच्चीपासून निंबाच्या झाडापर्यंत ही तांब्याची तार बांधली होती. दिवसभर गच्चीवर बसून असायचा. एकदा मलाही ऐकवलं. “नाना, मुंबई!” मला खरखर ऐकू आली. त्याला मुंबई ऐकू येत होती. पण रेडिओला पोस्टाचं लायसन लागतं, आणि अव्वल कारकुनाच्या गच्चीवर बिनलायसनचा रेडिओ सापडला तर पेन्शन कोण देणार? मी त्याच दिवशी सगळं उतरवलं. दगड निंबाखाली टाकला. तार मजबूत होती म्हणून ती अंगणात धुण्यासाठी बांधली. पितांबर रडला नाही, उलट तार ताणायला त्याने दुसरं टोक धरलं होतं. मला त्याचं तेव्हा कौतुक वाटलं होतं.

असो. त्या रविवारी आमच्या गावी कानबाईचे रोट होते.

आमचं गाव भडगावच्या पुढे, गिरणेच्या पलीकडे. खानदेशाबाहेरच्या माणसाला रोट समजावून सांगणं कठीण. श्रावणात आमची देवी कानबाई बसते आणि सगळी भाऊबंदकी एका चुलीवर जेवते. घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा. जो गावात आहे त्याचा, जो परगावी आहे त्याचाही, आणि परवा जन्मलेल्याचा सुद्धा. त्या गव्हाचं जे शिजेल ते भाऊबंदांनीच खायचं. बाहेरच्याला एक घास द्यायचा नाही आणि उरलं तर टाकायचं नाही, संपेपर्यंत खात राहायचं. परगावी असलेल्याचा वाटा इतरांनी मिळून संपवायचा. पितांबर पुण्याला गेल्यापासून त्याचा वाटा आम्ही सगळे मिळून खात होतो. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

मी विचार केला, भाऊबंदकी जमलेली आहे, घराण्यातला पहिला इंजिनियर आहे, सगळ्यांच्या तोंडून एकदा ‘रेल्वे’ म्हणवून घ्यावं. भुसावळची गाडी कुणाला आवडत नाही? दोन पुठ्ठ्यांत फॉर्म बांधला, पिशवीत घातला आणि आम्ही निघालो. एस.टी. एरंडोलच्या अलीकडे चिखलात बसली. उतारूंनी ढकलायची ठरली, तेव्हा मी पिशवी डोक्यावर धरून ढकलली, म्हणजे प्रत्यक्षात ढकलली नाही. त्यावरून कंडक्टर मला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. कचेरीत मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. भडगाव ओलांडलं की मी नुसता वना होतो.

चिंधा आबा आमच्या घराण्यातले थोरले. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने दिसत नाही, पण शब्द अजून खाली पडत नाही. जेवणाआधी देवीपुढे सगळे पुरुष बसले होते तेव्हा मी विषय काढला. मी म्हटलं, पितांबरला एक विषय निवडायचा आहे, माझ्या मनात रेल्वे आहे, तुमचा आशीर्वाद असावा.

“थांब,” आबा म्हणाले. “बठ्ठं वाची दाखाड. किती शेतस?”

मी सगळे वाचून दाखवले आणि म्हटलं, “सहा.”

“आन आपला घरं किती?”

घरं सहाच होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एका घराण्याच्या सहा शाखा, थोरलेपणाने लावलेल्या. पहिली आबांची, शेवटची माझी. आबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “मंग बरं जमनं. घरपरत एक वाटा. थोरला पह्यले, धाकला मांगे. लिख.”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, आबा, हे आकडे पसंतीचे आहेत, रोटांचे वाटे नाहीत. आबा म्हणाले, “पोऱ्या कोन्हा शे? बठ्ठासना शे. मंग इषय एकला तुना कसा?” पोरगा सगळ्यांचा म्हटल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या.

आबांनी दिवाबत्ती घेतली. कानबाईपुढे पहिला दिवा लागतो, मग गहू मोजतात, म्हणून दिवाबत्तीचा पहिला नंबर. दुसरं घर पुनाचं. पुना माझा चुलतभाऊ, शेतात नवी विहीर खणून बसलेला. तो म्हणाला, “विहिरवर बसाडतस ती मोटार आम्हनी.” गावात विजेचा अजून पत्ता नव्हता, पण मोटार त्याची झाली. तिसऱ्या घराने माझी रेल्वेच उचलली. त्यांच्या मुलीची सोयरीक खंडव्याकडे जुळत होती आणि इंजिनियर नातेवाईक असला म्हणजे पास मिळतो अशी त्यांची समजूत होती. चौथ्या घराने वीजघर घेतलं, कारण वीज जिथे निघते तिथेच आपला माणूस असलेला बरा. पाचव्याने विजेच्या लाइनी घेतल्या. खांब आपल्या वावरात न येता शेजाऱ्याच्या वावरात जावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

“आते काय उरनं?” आबांनी विचारलं.

“बिनतारी.”

“ते तुनं. लिख सहा.”

सगळे हसले. मी खिशातून पेन काढलं. मनात विचार होता की आत्ता पेन्सिलीने लिहावं आणि जळगावला जाऊन नीट करावं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे पेन्सिल मागितली. आबांनी हात वर केला. “पेन्सिल नको. देवीना समोर शाईमा लिख.” माझाच नियम मला असा गावात भेटला. मी शाईने एक ते सहा आकडे लिहिले आणि बिनतारीच्या चौकटीत सहा लिहिताना शाई जरा फुटली, कारण तिथला कागद पातळ झाला होता. फॉर्म वाळायला ठेवला तेवढ्यात आबांनी त्याला हळदीचं बोट लावलं. फॉर्मवर डकवलेल्या पितांबरच्या फोटोवर, बरोबर कपाळावर.

मग जेवणं झाली. पितांबरचा वाटा पुना आणि मी संपवला.

परतताना एस.टी.त मी मनाशी म्हणत होतो की शाईत खाडाखोड करता येत नाही, देवीपुढे लिहिलेलं बदलता येत नाही, आणि कॉलेज काही पहिलाच नंबर देईल असं नाही. रेल्वे तिसरी होती. तीन म्हणजे काही फार लांब नाही. नवा फॉर्म मागवता आला असता का? आला असता. अकरा दिवस हातात होते. पण त्यासाठी पितांबरला पत्र लिहावं लागलं असतं, आणि जुन्या फॉर्मचं काय झालं ते सांगावं लागलं असतं.

राहिली साक्ष. सगळ्या तालुक्याला मामलेदारसाहेबांच्या सह्या मी मिळवून देतो, पण स्वतःसाठी मागायची वेळ आली तेव्हा साहेब आठवडाभर फिरतीवर होते. बाराव्या तारखेला सापडले. त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“भाऊसाहेब, हे पिवळं काय?”

“देवीची हळद, साहेब.”

“बरं.” त्यांनी फॉर्म खिडकीसमोर उजेडात धरला. “आणि इथे कागद खरवडलाय. बिनतारीच्या चौकटीत आधी एक होता. आता सहा दिसतो.”

“डाग होता, साहेब.”

“एकच्या आकाराचा?”

“हो साहेब.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मी सही करतो. पण तुम्ही खुलासा लिहून जोडा. तुमच्याच हाताखालचा नियम आहे.”

या टेबलावरून मी किती तलाठ्यांचे खुलासे मागवले असतील, त्याची मोजदाद नाही. त्यांतले निम्मे खोटे असतात हे मला वाचताक्षणी कळतं. खोट्या खुलाशाचं अक्षर नेहमी जास्त चांगलं असतं. मी बसलो आणि माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं, ‘सदरहू चौकटीत डाग पडला होता तो साफ केला असून, मजकुरात कोणताही फेरबदल केलेला नाही.’ खाली सही केली, तारीख घातली, टाचणी लावली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवून दिलं.

दिवाळीला पितांबर आला तेव्हा विषय ठरून गेला होता. दिवाबत्ती. सबंध वर्गात पहिला नंबर दिवाबत्तीला देणारा तो एकटाच होता, त्यामुळे मिळायला काहीच अडचण आली नाही. तो नेहमीसारखाच होता. फराळ केला, रतिलालभाईंकडे जाऊन त्यांच्या रेडिओची खरखर काढून दिली. त्यांनी त्याला मिठाई दिली आणि मला सांगितलं, “नानाभाऊ, मी म्हटलं नव्हतं? दिवाबत्ती!”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अंगणातली तार सैल झाली म्हणून मी ती ताणायला घेतली. पितांबर आला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

“नाना,” तो म्हणाला, “तुमचं अक्षर आमच्या कॉलेजातल्या कारकुनाला फार आवडलं.”

मी गाठ मारत होतो.

“मला ऑफिसात बोलावलं होतं. हळद आणि ती खाडाखोड बघून त्यांना शंका आली. म्हणाले, तुला वाटत असेल तर नवा फॉर्म भर, आमची हरकत नाही. आणि तुमचा खुलासा दाखवला. हा बरोबर आहे का विचारलं.”

“मग?” मी विचारलं.

“मी खाली लिहून दिलं, वरील खुलासा बरोबर आहे. आणि सही केली.” त्याने टोक खांबाला गुंडाळलं, ओढून पाहिलं आणि म्हणाला, “आता सैल व्हायची नाही.”

त्याच्याबरोबर एखादं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर असतं. मी नुसता तारेखाली उभा राहिलो आणि सुनंदाबाईंनी आणून ठेवलेली धुण्याची बादली उगाच इकडची तिकडे केली.

आज या गोष्टीला तीन वर्षं झाली. पितांबर कलकत्त्याला बल्बच्या कारखान्यात आहे. कोणत्या रस्त्याला किती दिवे लागतील याचं गणित करतो म्हणे. पगार चांगला आहे. रजा मिळत नाही. रविवारी सकाळची गाडी भुसावळहून येते आणि जाते. त्याच्या वर्गातला बिनतारी घेतलेला एक मुलगा भुसावळलाच रेल्वेच्या तारायंत्र खात्यात लागला, हे मला रतिलालभाईंनी सांगितलं. त्यांनी ते सहज सांगितलं. मी त्या दिवशी भरीत खाल्लं नाही.

यंदा कानबाईच्या आधी पितांबरने एक खोकं पाठवलं. भुशात गुंडाळलेले सहा बल्ब, घरपरत एक. गावात वीज नाही. पण आबांनी आपला बल्ब दोऱ्याने देवीच्या वर टांगला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, “मना पोऱ्याना दिवा शे.” खाली समई असते. समईच्या उजेडात तो बल्ब चांगला चमकतो.

गहू मोजताना आबांनी नेहमीप्रमाणे नावं घेतली. पितांबरच्या नावाने सव्वा मूठ सुपात पडली. पंगत बसली, सगळ्यांचं आटोपत आलं, आणि आबांनी विचारलं, “पितांबरना वाटा कोन खाई?”

पुना पुढे सरकत होता. मी म्हटलं, “एकला मी खासू.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पान माझ्यापुढे आलं.

पेन्सिलीने लिहिलेलं मी वाचत नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं. ते तेवढं दुरुस्त करून घ्यावं. त्या दिवशी फॉर्म उघडल्याबरोबर मी बिनतारीपुढचा तो एक वाचला होता. अगदी बारीक होता, न दाबता काढलेला, म्हणजे नानांना नको असला तर पुसायला त्रास होऊ नये. मी तो वाचला, मला गच्ची आठवली, भुसावळही आठवलं, आणि मग मी खण उघडला.

मी खात राहिलो. खूप होतं. एका माणसाने संपवावं असं ते नसतंच. आबांना एका डोळ्याने दिसत नाही, पण दुसऱ्याने जास्त दिसतं.

“काबर रडस रे वना?” ते म्हणाले. “तिखट लागनं का?”

“हा आबा,” मी म्हटलं. “भलतं तिखट लागनं.”

पानात खीर होती.